दोन इंच आखूड बाही

बायको चाळीस वर्षं शिवण शिकवते. सूनबाईनं तिची वेबसाइट करून दिली. रविवारी सकाळी अकराजणी आपापल्या घरी, साइटवरची आकृती समोर ठेवून, कापडाला कात्री लावणार होत्या. शनिवारी जेवताना बायकोच्या लक्षात आलं, आकृतीत बाही दोन इंच आखूड पडलीय.

"कापलेलं कापड वाढत नाही," म्हणाली आणि अर्ध्या ताटावरून उठली.

सूनबाईनं पाच मिनिटांत बरोबर आकृती चढवली. "बाबा, तुमच्या कॉम्प्युटरवर बघता?"

मी पाहिलं. बाही बावीस इंच. "झकास," असा निर्वाळा दिला. निर्वाळे देणं हा माझा जुना धंदा.

तेवढ्यात माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन. ही वर्गातली सर्वांत आज्ञाधारक विद्यार्थिनी; आठवडाभर ती आकृती रोज उघडून पाहत होती. "अगं, मला वीसच दिसतंय. माझा हात काय धुऊन आटला?"

"माझ्याकडे बावीस आहे," मी म्हणालो.

"तू गप रे. फोन तिला दे."

सूनबाई माझ्याकडे वळली. "बाबा, खरं सांगा. आईंची साइट आज पहिल्यांदाच उघडलीत ना?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. पाहण्यासारखं काही नव्हतं.

"दोन वर्षं झाली साइटला," बायको म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मग उलगडा झाला. साइट हळू उघडते अशी बायकोची कुरकुर होती, म्हणून सूनबाईनंच ब्राउझरना बजावलं होतं: चित्र एकदा घेतलंत की वर्षभर जपून ठेवा, पुन्हा मागू नका. ते शब्दाला पक्के. ज्यांनी आधी पाहिलं होतं त्यांना जपलेलंच दाखवत होते. माझ्याकडे जपलेलं काही नव्हतंच.

"सगळ्यांना ते पुसायला सांगू या," मी सुचवलं.

"अक्का नातवंडांचे फोटो पुसून बसतील," सूनबाई म्हणाली.

बायकोनं विचारलं, "नव्या आकृतीचं नाव काय ठेवलंस?"

"जुनंच."

"मी दुरुस्त केलेल्या कागदावर तारीख घालते. नाहीतर कपाटातून नेमका चुकीचा हाताला लागतो."

सूनबाईनं कपाळावर हात मारला. "आम्हालाही हेच शिकवलं होतं, आई. एकच चित्र, म्हणून आळस केला."

तिनं फाइलच्या नावात तारीख घातली आणि पानावर तेच नवं नाव लिहिलं. पान ब्राउझर दरवेळी ताजंच मागवत. अनोळखी नाव दिसताच ते चित्रही मागवणार.

"आता उघडा, अक्का."

अक्कानं पान पुन्हा उघडलं. मग, "आलं. बावीस."

बायको खुर्चीवर टेकली. "हिनं आळस केला, मी माप चुकले. यांनी काय केलं?"

"बाबांनी साइट पाहिली, आई."

"एकच आकृती पाहिली," बायको म्हणाली, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि मला पहिल्या पानापासून दाखवायला लागली.