फुंकरीतलं विष

फरीदाबादच्या त्या सोसायटीच्या बागेत सकाळी आठालाच पन्नासेक माणसं जमली होती. मास्क हनुवटीवर, डोळे काचेच्या एका ग्लासवर. ग्लासात, रोग उतरवून देतो म्हणणाऱ्या दीनानाथजींनी आपल्या बरणीतून ओतलेलं, आरपार दिसणारं स्वच्छ पाणी. पहिल्या मजल्यावरच्या शर्माजींनी नळीतून फुंकर मारली आणि बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं झालं!

"देखा?" दीनानाथजी गरजले. "लॅब का पाउडर! फेफड़ों से निकल रहा है. टीव्हीवाले छुपाते हैं, मैं दिखाता हूँ!"

मग शर्माजींच्या जिभेवर दीनानाथजींच्या औषधाचे तीन थेंब पडले. "अब फूँकिए! जोर से, और जोर से!" पाच मिनिटांत पाणी पुन्हा नितळ. टाळ्या कडाडल्या.

गॅलरीतून पाहणाऱ्या उल्काच्या सासऱ्यांनी, अण्णासाहेबांनीही टाळी वाजवली. "उल्का, श्यामकांतला खाली नेऊ या. मी चाकाची खुर्ची मागून आणलीये."

"अण्णा, बेड मिळालाय. दहाला गाडी येतेय," उल्का म्हणाली. रात्रभर फोन करून तिचा घसा बसला होता. आतल्या खोलीत तिच्या नवऱ्याच्या, श्यामकांतच्या बोटावरचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र अठ्ठ्याऐंशी दाखवत होतं. चार वर्षांच्या लेकीला, कुमुदला तिने स्वयंपाकघरात कोंडूनच ठेवलं होतं.

"दवाखान्यात? आपला सूर्यकांत, श्यामचा भाऊ, गेला, परत काय आलं? राख! अगं, विष आधी बाहेर काढायला हवं. हे बघ." त्यांनी मोबाइल पुढे धरला. पडद्यावर एक शास्त्रज्ञ सांगत होते, "विषाणू प्रयोगशाळेतून निसटला असण्याची शक्यता आहे." व्हिडिओ तिथेच तुटला.

उल्काने आपल्या फोनवर तीच मुलाखत पूर्ण लावली. पुढचंच वाक्य होतं, "प्राण्यांतून आल्याचीही शक्यता आहे. पुरावा अजून पुरेसा नाही, तपास व्हायला हवा."

"मग खरं काय?" अण्णासाहेब चिडले.

"मला माहीत नाही. त्यांनाही अजून नाही. ज्याला पक्कं ठाऊक आहे, तो एकटाच खाली बागेत बसलाय."

"आणि ग्लास? तो तर डोळ्यांनी पाहिला!"

आतून श्यामकांतचा तुटक आवाज आला, "उल्का... एकदा... फुंकून बघू दे ना. मला तिथे एकट्याला... नाही जायचं."

अण्णासाहेबांनी हातावर तंबाखू घेतली, चुन्याची डबी उघडली. डबीच्या काठावर वाळलेल्या चुन्याची पांढरी कड. अशीच कड तिने दीनानाथजींच्या बरणीला पाहिली होती! आणि तिला शाळेतला तास आठवला. चुन्याची निवळी.

तिने डबी जवळजवळ हिसकावलीच. चुना पाण्यात ढवळून ठेवला. खाली बसेना, बसेना! आतल्या यंत्रावर सत्त्याऐंशी. शेवटी वरचं नितळ पाणी तिने दोन ग्लासांत ओतलं, दोन वेगळ्या नळ्या घातल्या आणि एकात स्वतः फुंकलं.

पाणी पांढरं झालं.

"अरे देवा, तुलाही झालंय!"

"आता तुम्ही फुंका. पाणी तोंडात ओढू नका."

त्यांचंही पांढरं. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"थांबू नका, फुंकत राहा. थेंब नाहीत, मंत्र नाही."

अण्णासाहेब फुंकत राहिले. पांढरेपणा विरळ झाला, मग गेलाच. ते भिंतीला धरून धापा टाकू लागले.

"प्रत्येकाच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, अण्णा. त्याने निवळी दुधाळ होते, आणखी फुंकलं की तो पांढरा साका विरघळतो. बस, एवढंच विष." तिने आतलं यंत्र आणून त्यांच्या बोटाला लावलं. "तुमचे सत्त्याण्णव. तरी दम लागला ना? मग त्याला फुंकायला लावायचं?"

अण्णासाहेबांनी डबीकडे पाहिलं. "चाळीस वर्षं हातावर मळतोय मी हा," ते पुटपुटले. मग दाराशी जाऊन म्हणाले, "श्याम, चल बाळा. गाडी येईल."

कुमुदला शेजारणीकडे सोपवलं आणि खुर्ची बागेजवळून फाटकाकडे निघाली. श्यामकांतचे ओठ निळसर दिसत होते. ग्लासासमोरच्या रांगेत आता एक बाई मास्क काढत होती, शर्माजींचीच नळी तिच्या हातात होती.

"अरे भाई, ये चूना है!" अण्णासाहेब डबी उंचावून ओरडले.

"अंकल, आप टीव्ही देखो!" कुणीतरी हसलं.

ॲम्ब्युलन्सचं दार उघडलं. उल्का आत चढली, ऑक्सिजनचा मास्क तिने नवऱ्याच्या तोंडावर घट्ट धरला. दार लागता लागता तिला सासऱ्यांचा आवाज ऐकू आला. ते खुर्ची तशीच सोडून रांगेत शिरले होते.

"मेरी मत सुनो, टीव्ही की भी मत सुनो! बस इससे बोलो, एक बार बिना बूँद के फूँककर दिखाए!"

या वेळी कुणी हसलं नाही. त्या बाईने नळी खाली ठेवली आणि दीनानाथजींकडे पाहिलं.