बंपरचा डावा कोपरा

आमच्या वाघोलीत प्रत्येक गाडीच्या तोंडावर पिंपल्स असतात. खडीचे डंपर पुढे चाललेले असतात, वरची ताडपत्री नावापुरती, आणि मागच्या गाडीच्या बॉनेटवर टक्, टक्, टक्! रंगाचा टवका उडतो, खालचा पत्रा दिसायला लागतो, पाऊस पडला की तिथे गंज. त्यामुळे आमच्या नव्या निळ्या गाडीवर डाग दिसायला लागले तेव्हा बाबा म्हणाला, "खडी," आणि मला ते शंभर टक्के पटलं.

आईला पटलं नाही.

"खडी बरी बंपरच्या डाव्या कोपऱ्यालाच लागते," ती म्हणाली. "उजव्या बाजूचा पत्ता दिला नाही का तिला कोणी?"

"पद्मजा, अगं, रोज डंपरच्या मागून जातो मी."

"अहो, मग जरा लांबून जा. आणि नीट ऐका. अजून एक ओरखडा दिसला की किल्ली माझ्याकडे. पोरगी असते शेजारी."

पोरगी म्हणजे मी. स्वराली, इयत्ता दहावी. घर वाघोलीला आलं तरी शाळा सदाशिव पेठेतलीच ठेवली, कारण बाबा तिथल्याच एका क्लासमध्ये गणित शिकवतो आणि 'दहावी होईपर्यंत मी सोडीन' असं त्याने मला वचन दिलं होतं. ते वचन म्हणजे ती गाडी. आणि ती गाडी म्हणजे माझं स्टेज! मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा घाबरायचे. बाबाने मला रोज गाडीत भाषण करायला लावलं. नगर रोडचं ट्रॅफिक इतकं कृपाळू आहे की पोहोचेपर्यंत भाषण तीनदा होतं. या वर्षी मी आंतरशालेय वादविवादात पहिली आले. तेव्हापासून मी घरातसुद्धा मुद्दे मांडते.

बाबाची एकच तक्रार असायची. "हात बांधून बोलू नकोस गं. हातवारे कर थोडे."

मला हसू यायचं. माझे हात तर पंख्यासारखे फिरत असायचे! पण बाबा रस्त्याकडे बघतोय, चांगलंच आहे की, असं मी धरून चालले होते.

तर मी बाबाचा पक्ष घेतला. आईसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "यावर उपाय आहे. पीपीएफ."

"पीपीएफ माझं पोस्टात आहे," आई म्हणाली.

"ते नाही गं! पारदर्शक फिल्म असते, जाड. बॉनेट, बंपर, आरसे, सगळ्यावर चिकटवतात. खडी आली की फिल्मवर आदळते, रंग शाबूत. आणि बारीक ओरखडे उन्हात आपोआप भरून येतात!"

"माणसांसाठी नाही का निघाली अशी?"

पण मी व्हिडिओ दाखवले. हात केले, आवाज चढवला, थांबायचं तिथे थांबले. शेवटी आई म्हणाली, "बरं बाई, खडी तर खडी." जिंकलेच ना मी!

खराडीच्या एका दुकानात गाडी दोन दिवस ठेवली. जुने टवके भरले, धुतली, पुसली, साबणाचं पाणी मारून फिल्म बसवली आणि रबरी पट्टीने दाबून दाबून पाणी बाहेर काढलं. गाडी अशी चमकत होती की मी बॉनेटमध्ये बघून वेणी नीट केली.

नंतरचे काही दिवस डंपर आले, खडी उडाली, टक् टक् ऐकू आलं. घरी आल्यावर मी मोबाइलचा टॉर्च लावून बघायचे. बॉनेटवर सुईच्या टोकाएवढे एकदोन खळगे, बास. पण बंपरच्या डाव्या कोपऱ्यात फिल्म खरवडली होती. लांब, तिरकी रेघ, बोट फिरवलं की जाणवेल अशी. मी गाडी उन्हात उभी करायला लावली. ती काही भरून आली नाही.

खडी ठिपका पाडते, रेघ ओढत नाही. हे मीच आईला व्हिडिओत दाखवलं होतं. तरी मी गप्प बसले. वादात आपल्याच पक्षाला कोणी प्रश्न विचारतं का?

परवा सकाळी केसनंद फाट्याच्या पुढे डावीकडून एक पाववाला सायकलवर चालला होता. मागे पावांचा निळा क्रेट. मला तो खूप आधीपासून दिसत होता. बाबा डावीकडे सरकत होता. मला वाटलं, आता वळवेल. आता वळवेल.

"बाबा!"

त्याने ब्रेक दाबला, पण बंपर मागच्या चाकाला लागलाच. सायकल आडवी, क्रेट आडवा, पाव रस्ताभर. पाववाला गुडघा धरून उठला आणि बाबाच्या काचेवर थाप मारली.

"डोळं हायत का बटणं? एवढा मोठा माणूस दिसंना व्हय?"

बाबा उतरला. माफी मागितली, पावांचे पैसे दिले, डॉक्टरकडे चला म्हणाला. "नुसतं खरचटलंय, तुमीच जावा डॉक्टरकडं," असं म्हणून तो लंगडत गेला. बाबाचा चेहरा पांढरा पडला होता. थोडं पुढे जाऊन त्याने गाडी कडेला घेतली, बंपर बघून आला आणि पुन्हा बसला. कोपऱ्यातली फिल्म फाटून लोंबत होती.

"कुठून आला तो, कळलंच नाही," तो म्हणाला. मग हळूच, "आईला सांगू, खडी उडाली. तू सांग. तू सांगितलंस की तिला पटतं."

कौतुक मला कधीच इतकं नकोसं झालं नव्हतं.

"बाबा, समोर बघ," मी म्हणाले. "मान हलवू नकोस. माझा हात दिसला की सांग."

मी त्याच्या डाव्या कानापाशी हात धरला आणि हलवायला लागले. तो समोर बघत राहिला. हात पुढे नेला. गालापुढे. आरशाच्या रेषेत. जवळजवळ स्टिअरिंगपाशी आल्यावर तो म्हणाला, "हा. दिसला."

आणि मला एकदम ते हातवारे आठवले. इतके महिने मी त्याच्या शेजारी बसून हवेत हात फेकत होते आणि तो म्हणत होता, हात बांधून बोलू नकोस.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्याने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. "वाटलं, थकलेत डोळे. दहावी तेवढी होऊ दे तुझी, मग दाखवीन. किल्ली गेली तर तुला सोडणार कोण? भाषण कुठे करशील?"

मी फोन लावला. माझा आवाज पूर्वीसारखा झाला होता, हजेरीच्या वेळचा.

"आई, रिक्षाने ये. वाघेश्वराच्या देवळाअलीकडे थांबलोय आम्ही. गाडी तुला चालवायला लागेल."

"काय झालं? परत खडी?"

"खडी नव्हती, आई. आधीपण नव्हती. मी चुकीचं पटवलं तुला."

ती म्हणाली, "बाबाला दे." बाबाने फोन घेतला आणि नुसतं "हं. हं. डावीकडचं," एवढंच म्हणाला.

आई आली. टोमणा तयार असणार म्हणून मी अंग चोरून उभी होते. तिने फाटलेली फिल्म बोटाने दाबून बघितली, मग बाबापुढे हात धरला. त्याने किल्ली दिली. शाळा बुडाली. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ दुपारची मिळाली होती.

आई चालवत होती, बाबा तिच्या शेजारी, मी मागे मधोमध. पुढे एक डंपर होता आणि आई त्याच्यापासून चांगली लांब राहत होती.

"म्हण ना भाषण," बाबा म्हणाला.

"आत्ता?"

"मग केव्हा?"

मी सुरू केलं. पहिली दोन वाक्यं हजेरीच्या आवाजात झाली. मग हात आपोआप उठले. बाबाने पट्टा सैल केला, आख्खा मागे वळला आणि मान पूर्ण फिरवून माझ्या हातांकडे बघत राहिला.