चाकाची समजूत

'मंजूर!' म्हणून मिस्त्री गरजले खरे, पण तो शब्द परत गिळावा असं वाटेपर्यंत उशीर झाला होता. लेकीने टाळी घेतली होती, आत्या साक्षीला उभी राहिली होती, आणि समोरच्या शिंप्याने नीट ऐकू यावं म्हणून शिलाई मशीनच थांबवलं होतं.

पैज साधी होती. टायर बदलल्यावर चाकाचं बॅलन्सिंग करायलाच हवं, नाहीतर वेगात हँडल थरथरतं, असं लेकीचं म्हणणं. दोन वर्षांचा दुचाकी-दुरुस्तीचा कोर्स संपवून ती परवाच घरी आली होती, येताना दोन खांबांचा एक छोटा स्टँड आणि रिमला चिकटवायच्या शिशाच्या तुकड्यांची पुडी घेऊन. बावीस वर्षांत आपण एकाही गाडीचं बॅलन्सिंग केलं नाही आणि एकही गाडी थरथरत परत आली नाही, असं बापाचं म्हणणं. तेव्हा लेक म्हणाली, "आज सकाळी तुम्ही स्वतःच्या गाडीचा पुढचा टायर बदललात ना? ती पळवा ऐंशीने. हँडल थरथरलं, तर दुकानात माझ्या पद्धतीने काम, आणि मी इथेच. नाही थरथरलं, तर सोमवारपासून मी शोरूममध्ये नोकरीला. तिथे बॅलन्सिंगला मशीन आहे, आणि वाद घालायला बाबा नाहीत."

मंजूर! आणि मग मिस्त्रींच्या डोक्यात उजेड पडला, की आपण जिंकलो तर पोरगी जाणार. दोन वर्षं ती नव्हती, तेव्हा दुकानात रेडिओ दुप्पट आवाजात लावावा लागत होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते.

मागच्या सीटवर आत्या बसली. ती मिस्त्रींची थोरली बहीण, आणि तिची कवळी नवी, अजून न रुळलेली. जरा थरथर झाली की तोंडात टकटक वाजायची. लेक म्हणाली, याहून अचूक यंत्र शोरूममध्येसुद्धा नाही.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. साठ. सत्तर. ऐंशी. मिस्त्रींनी हँडल सैल धरलं, मनातल्या मनात चाकाच्या हातापाया पडले. 'थरथर रे बाबा. एकदा तरी.' चाक असं चाललं होतं, जशी लोण्यातून सुरी. मागून टकटक नाही, काही नाही. मिस्त्रींनी हळूच हँडल स्वतःच हलवून पाहिलं, तशी आत्या खेकसली, "सरळ चालव की! चक्कर आली का?"

दुकानापुढे उतरताच मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "काय थरथरतंय! दात हलले माझे."

"कुणाचे?" आत्या म्हणाली. "अरे, मला तर डुलकी लागली होती."

"ताई, तुला हेल्मेटमध्ये कळलं नसेल."

"कवळी हेल्मेटबाहेर ठेवते का मी?"

बावीस वर्षांत ज्या माणसाने पंक्चरचा दोषसुद्धा खिळ्यावर ढकलला, तो भर रस्त्यात स्वतःच्या कामाला नावं ठेवत होता, आणि बहीण त्याचीच बाजू घेऊन त्याला बुडवत होती. शिंपी तर सुई ओवायचीच विसरला.

लेकीचे डोळे बारीक झाले. "भांडू नका. चाक खोला."

पुढचं चाक निघालं, मधल्या दांड्यासकट तिच्या स्टँडवर चढलं. जड बाजू असेल तर फिरून फिरून ती खाली येऊन थांबते, तिथे खडूची खूण करायची आणि समोरच्या बाजूला शिसं चिकटवायचं. तिने चाक फिरवलं. एका ठिकाणी थांबलं. पुन्हा फिरवलं. भलत्याच ठिकाणी. सहा वेळा फिरवून सहा ठिकाणी थांबलं, तेव्हा तिने खडू खाली ठेवला.

"हे बॅलन्स केलेलं आहे."

"मी? शिव शिव!"

"मग काय केलंत याला?"

"काही नाही."

"काही नाही कसं?" आत्या म्हणाली. "सकाळी अर्धा तास मागच्या खोलीत चाक फिरवत बसला होता. फिरवायचा, थांबलं की शिवी द्यायचा, हवा सोडून टायर रिमवर वीतभर सरकवायचा, परत फिरवायचा. मला वाटलं याला कुणीतरी करणी केली."

मिस्त्री कानापर्यंत लाल झाले. "ती... खोड आहे गं. उस्तादांकडून लागलेली. चाकाची समजूत काढायची. शास्त्र नाही त्यात काही, म्हणून गिऱ्हाइकासमोर करत नाही."

"प्रत्येक चाकाला?"

"नाहीतर ते रुसल्यासारखं वाटतं."

लेक स्टँडशेजारी फरशीवरच बसली आणि पोट धरून हसायला लागली. "बाबा! टायरची जड बाजू रिमच्या हलक्या बाजूवर आणता तुम्ही! हेच बॅलन्सिंग! बावीस वर्षं चोरून करताय आणि बावीस वर्षं लागत नाही म्हणून भांडताय!"

"म्हणजे लागतं?" मिस्त्रींचा चेहरा दिव्यासारखा उजळला. "लागतंच ना? मग हरलो मी! ऐकलं का रे शिंप्या? हरलो!"

"थांबा. थरथरलं नाही. पैजेप्रमाणे तुम्ही जिंकलात."

"हरलो म्हणतोय ना!"

"जिंकलात, बाबा. सोमवारी मी निघते." तिने तोंड अगदी कोरं ठेवलं होतं. तिला सगळं कळलं होतं आणि तिला ते ऐकायचं होतं.

मिस्त्रींनी पान्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, शिंप्याकडे पाठ केली. पुढचं वाक्य त्यांना गंजलेल्या नटासारखं काढावं लागलं.

"नको जाऊस."

"का?"

"मला करमत नाही."

आत्याने नाक शिंकरलं. लेक फोन घेऊन दाराशी गेली. "शोरूम का? मी येत नाही. नाही, पगाराचं नाही. इथे एक उस्ताद आहेत, मशीनशिवाय करतात. मला ते शिकायचंय." ती वळली. "बाबा, खरोखर जड टायर असेल तर? नुसत्या सरकवण्याने जमत नाही तेव्हा?"

"तेव्हा," मिस्त्री खाकरले, "रडतो."

"तेव्हा आपण शिसं लावू."

चाक गाडीला परत चढवून झालं, तेव्हा किल्ली लेकीच्या हातात होती. मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर बसले. धरायला काय आहे हे चाचपेपर्यंत गाडी कोपऱ्यावरून वळलीसुद्धा, आणि गल्लीभर त्यांचा आवाज घुमला, "अगं ऐंशी नको! साठच! साठलाही कळतं!"