पिवळ्यात पडलेली गल्ली

गल्ली नकाशात लाल निघाली, तर ताईला फुकटात दुहेरी काचेच्या खिडक्या मिळणार होत्या आणि भावोजींना दिवसाची झोप. यातली झोप जास्त मोलाची. रात्रभर मालट्रक चालवून माणूस सकाळी आडवा व्हायचा, तेव्हाच मागच्या कारखान्यातला लोखंड ठोकायचा घण जागा व्हायचा. स्टिअरिंगवर दोनदा डुलकी लागून झाली होती. तिसरीला घरी बसायचं, हे मालकाने गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

आणि शहराच्या आवाजाचा नकाशा करणाऱ्या कचेरीत होता कोण? ताईचा सख्खा धाकटा भाऊ! आवाज मोजायचं यंत्र त्यानेच तिच्या गच्चीवर आठवडाभरासाठी बसवलं.

"साहेब, आवाज किती भरला म्हणजे लाल?" भावोजींनी मेहुण्याला डिवचलं.

"ते सांगता येत नाही, भावोजी. नियम आहे."

"बघ गं तुझा भाऊ! जेवायला तोंड उघडतो, बोलायला नाही."

"लहानपणापासून तसाच आहे तो," ताई म्हणाली. "परीक्षेत शेजाऱ्याला कधी उत्तर दाखवलं नाही."

धाकटा नुसता हसला. त्याची कायमची नेमणूक याच नकाशावर अडकली होती. बहिणीच्या गल्लीत तोंड उघडणं त्याला परवडणारं नव्हतं.

आठवड्याने त्याने वरिष्ठ बाईंसमोर ध्वनिमुद्रण लावलं. पहिला दिवस: घण, ट्रक, मालगाडी. बहात्तर डेसिबल. लाल रंगाला पासष्ट पुरत होते. धाकट्याचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी मात्र पत्र्याचं पिंप वाजायला लागलं. मग थाळ्या, मग मोटरसायकलचा हॉर्न. आणि माईकच्या अगदी तोंडाशी, शेजाऱ्यांना चेव आणणारे भावोजी: "हाणा रे! एवढ्याने काय होतंय? मेहुण्याच्या यंत्राचे कान फाटले पाहिजेत!"

मागे ताई हसत होती. "अहो, आता तरी पडा थोडं."

"पडू की! एकदा खिडक्या लागल्या की जन्मभर झोपायचंच आहे."

शेवटच्या दिवसापर्यंत तेच.

बाईंनी हेडफोन काढला. "कोण हे?"

"रहिवासी," धाकटा म्हणाला.

"मग अख्खी नोंद बाद. पुन्हा मोजायला वेळ नाही. कारखान्याने भरून दिलेले आकडे घाला."

"पण पहिला दिवस..."

"एका दिवसाचा आठवडा होतो का?"

कारखान्याने कागदावर आपला घण अगदी हळुवार वाजवला होता. संगणकाने गल्ली पिवळी केली.

ताईने सगळं ऐकून घेतलं. "आम्ही काहीच केलं नसतं तर?"

"लागल्या असत्या खिडक्या."

"मग 'गप्प बसा' एवढं तरी म्हणायचंस. आकडा कुठे मागत होते मी?"

नियमात तेवढ्याला मनाई नव्हती.

तिसरी डुलकी त्याच महिन्यात लागली. ट्रक डेपोच्या फाटकावर गेला. माणसं वाचली, पण मालकाने आपला शब्द पाळला.

कचेरीला नकाशा वेळेत मिळाला, बाईंना शाबासकी, कारखान्याला पिवळा रंग, धाकट्याला कायमची खुर्ची. भावोजी आता दिवसभर घरी असतात, रात्रीही असतात. दिवसा घण, रात्री जागायची सवय; झोप कधीच येत नाही. आणि घरखर्च सगळा भरते ताई. कारखान्याच्या कँटीनमध्ये ती भांडी घासते, घणाच्या भिंतीला लागूनच.