मुकी बटणं

"गाण्यात माझा आवाजच नाही," सुयश फोनवर म्हणाला.

धम्मपाल जेवायला बसला होता. उचललेला घास त्याने ताटात परत ठेवला. "आवाज नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. जिनिंगचा ठोका शे, बास शे, बठ्ठं शे. मीच नही. पुण्याच्या महोत्सवाच्या लोकांनी ऐकलं आणि मला फोन केला. विचारतात, हे असंच आहे का? काय सांगू त्यांना? तू माझा आवाज बंद ठेवून गाणं पाठवलंस, धम्मा."

धम्मपाल ताटावरून उठला आणि जिना चढून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत गेला. धुळ्यात देवपूर भागात त्यांचं घर होतं आणि ही वरची खोली गेली नऊ वर्षं त्याचा स्टुडिओ होती. एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर, भिंतीला ठोकलेल्या जुन्या गोधड्या. त्याने गाणं उघडलं आणि नाक जवळजवळ स्क्रीनला टेकवलं. गाण्यातल्या प्रत्येक आवाजाला तिथे एक आडवी पट्टी होती आणि पट्टीच्या टोकाला मसुराच्या दाण्याएवढं बटण. आवाज चालू असला की बटण उजळायचं, बंद असला की विझायचं. सुयशच्या पट्टीचं बटण विझलेलं होतं. ते शोधायला त्याला दहा मिनिटं लागली. काल गाणं पाठवताना ते त्याला दिसलंच नव्हतं.

"घाईत राहून गेलं," त्याने सुयशला कळवलं. बटण चालू केलं, गाणं पुन्हा पाठवलं. पण खाली येऊन त्याने ताट तसंच झाकून ठेवलं.

धम्मपाल एकोणतीस वर्षांचा होता. सुयश अमळनेरला एका खासगी शाळेत शिकवायचा, अहिराणीत गाणी लिहायचा आणि गायचा, बोलतानाही मध्येच अहिराणीवर जायचा. दोघांनी मिळून पाच गाणी केली होती. अमळनेरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये जाऊन धम्मपालने यंत्राचा ठोका रेकॉर्ड केला होता, पारोळ्याच्या बाजारातला लिलाव रेकॉर्ड केला होता, आणि त्यावर कॉम्प्युटरमधून काढलेले बासचे जाड, घुमणारे सूर चढवले होते. कंपनी नाही, मालक नाही. गाणी इंटरनेटवर टाकली आणि ती कुठकुठे ऐकली गेली. यंदा पहिल्यांदाच पुण्याच्या एका महोत्सवाने त्यांना बोलावलं होतं. डिसेंबरात चाळीस मिनिटं वाजवायची होती, आणि त्याआधी एक नवं गाणं पुरं करून पाठवायचं होतं. काल गेला तो त्याचाच कच्चा नमुना होता.

डोळ्यांचं धम्मपालला माहीत होतं. अंधार पडला की त्याला शाळेत असल्यापासूनच दिसत नसे. म्हणून तो नेहमी दिवसाउजेडीच काम करायचा. दोन वर्षांपूर्वी जळगावच्या डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलं होतं, की डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेने मरत चाललाय, यावर औषध नाही, आणि मधलं जे उरलंय ते किती टिकेल हे कोणी सांगू शकणार नाही. त्याने घरी 'नंबर वाढलाय' एवढंच सांगितलं. सुयशला तेही सांगितलं नाही.

रविवारी सुयश बसने धुळ्याला आला आणि त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसला.

"उघड गाणं. आज दोघं मिळून बघू."

धम्मपाल माउस फिरवू लागला. बाण बटणाच्या पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. सुयश ते बघत होता. त्याने खिशातून फोन काढला आणि धम्मपालच्या कानाजवळ, बाजूला धरला.

"माझ्या हातात काय आहे?"

"कुठल्या हातात?"

सुयशने फोन हळूच खाली ठेवला. "कधीपासून?"

धम्मपालने सगळं सांगितलं. सांगताना त्याने मान वळवली नाही. सुयश स्टूल पुढे ओढून म्हणाला, "हट. खुर्ची दे. आजपासून मी तुझे डोळे. तू सांग, मी करतो."

चार रविवार त्यांनी तसं करून पाहिलं.

"सूर किंचित वर ने."

"एवढा?"

"नाही, जास्त झाला. किंचित."

"किंचित म्हणजे किती, ते सांग ना."

"ते सांगता येत नाही रे! हाताला कळतं ते. हाताने करायचं असतं."

चौथ्या रविवारी एका ठोक्यासाठी तीन तास गेले आणि शेवटी जे वाजलं ते धम्मपालच्या डोक्यात होतं त्याच्या जवळपासही नव्हतं. सुयशने मान डोलावली. "चांगलं वाटतंय की."

"तुला वाटतंय!" धम्मपाल ओरडला. "तुझ्या हाताने तुझंच गाणं होतंय. ऊठ माझ्या खुर्चीतून. ऊठ!"

सुयश उठला, पिशवी घेतली आणि गेला. धम्मपाल खुर्चीत बसून राहिला. दुपारी पत्रा तापला, खोलीत बसवेना, तरी तो उठला नाही. शेवटी त्याची आई प्रमिलाबाई वर आली. अंगणवाडीत सव्वीस वर्षं पोरं सांभाळलेली बाई. रडून झालेलं तोंड तिला कळायचं. तिने काही विचारायच्या आत त्याने सांगून टाकलं.

ती भिंतीला टेकून खाली बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "पारोळ्याला एक शालिग्राम सर आहेत. जन्मापासून दिसत नाही त्यांना. आंधळ्या पोरांसाठी लोकांकडून पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून घेतात, आवाजाचं सगळं काम स्वतः कॉम्प्युटरवर करतात. मीटिंगला आले होते आमच्या. उद्या जाऊ."

शालिग्राम सरांच्या खोलीची खिडकी बंद होती आणि दिवाही लावलेला नव्हता. धम्मपालला उंबरठ्यावरच काही दिसेनासं झालं. आतून एक बाई भराभर काहीतरी बोलत होती. ती बाई म्हणजे सरांचा कॉम्प्युटर होता. सर एकेक की दाबत होते आणि स्क्रीनवर जे येईल ते तो वाचून दाखवत होता.

"जय भीम, सर," प्रमिलाबाई म्हणाली आणि मुलाचं सगळं सांगितलं.

सरांनी धम्मपालला विचारलं, "तुम्ही कुठलं सॉफ्टवेअर वापरता?"

त्याने नाव सांगितलं.

"ते माझ्याकडे मुकं आहे. दोनदा घालून पाहिलं. खिडकी उघडली एवढं सांगतं आणि गप्प. पुढे बटणं आहेत का भिंत आहे, काही कळायचं नाही. मी दुसरं वापरतो. दिसायला कसं आहे मला माहीत नाही, पण ते बोलतं."

"मग माझी जुनी गाणी त्यात..."

"नाही उघडणार. एकेक आवाज सुटा करून आणावा लागेल. आणि तो त्या मुक्या सॉफ्टवेअरमधूनच काढावा लागेल, म्हणजे डोळ्यांनी. किती गाणी आहेत?"

"माझी एकट्याची, अर्धवट, सगळी धरून एकेचाळीस."

"आणि डोळे?"

"समोरचं दिसतं अजून. थोडं."

"मग इथे काय करताय?" सर म्हणाले. "जा ना घरी!"

त्याच दिवशी धम्मपालने काम सुरू केलं. सकाळी दहापासून चारपर्यंत, जोवर खोलीत ऊन असेल तोवर. एक गाणं उघडायचं, त्यातले वीस-पंचवीस आवाज एकामागून एक सुटे करून ठेवायचे. एका गाण्याला एक दिवस जायचा, कधी दोन. आणि सुटा झालेला आवाज कायमचा गोठायचा. स्क्रीनवरच्या ज्या खुंट्या फिरवून त्याने तो घडवला होता, त्या खुंट्या मागेच राहायच्या. पुढे कधी वाटलं की हा सूर थोडा मऊ हवा, तर ते होणार नव्हतं. हे कळत असूनही तो काढत गेला.

पंधरावं गाणं चालू असताना नजरेच्या मधोमध धुकं आलं. सतराव्याला अक्षरं गेली. मग प्रमिलाबाई अंगणवाडीतून आली की शेजारी बसायची आणि स्क्रीनवरचं इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचायची. तेवीस गाणी निघाली. चोविसाव्याला कॉम्प्युटरने मध्येच काहीतरी विचारलं. तिला पूर्ण वाचता आलं नाही, तिने होकाराचं बटण दाबलं आणि त्या गाण्यातले अर्धे आवाज पुसले गेले.

"काय झालं?" तिने विचारलं. "मी काही चुकीचं केलं का?"

"नाही," धम्मपाल म्हणाला. "बंद कर आता. झालं आपलं."

"अजून सतरा आहेत ना?"

"बंद कर, आई."

पुण्याला सुयश एकटाच गेला. तयार असलेली पाच गाणी लावली आणि त्यांवर गायला. नवं गाणं वाजलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. धम्मपालने तो फोनकडून वाचून घेतला. 'झालं. लोक नाचले. तुझं नाव सांगितलं.' त्याने तो तीनदा ऐकला आणि उत्तर दिलं नाही.

नवं सॉफ्टवेअर बोलत होतं, आणि तेच सहन होत नव्हतं. ठोका वाजायला लागला की त्याच्यावरून ती बाई बोलायची, 'ट्रॅक चार, पातळी, वजा सहा.' एका कानात गाणं आणि दुसऱ्या कानात बाई. शालिग्राम सर फोनवर सांगायचे, "तिचा वेग वाढवा. जितकी भराभर बोलेल तितकी कमी त्रास देईल." वेग वाढवला तर शब्द कळेनात. आठ मात्रांचा एक तुकडा जुळवायला त्याला अकरा दिवस लागले. पूर्वी ते काम चहा निवायच्या आत व्हायचं. आणि अकरा दिवसांनी तो तुकडा ऐकला तर तो कॉलेजातल्या पोराने पहिल्यांदा केल्यासारखा वाटला.

त्याने हेडफोन काढले, जिन्याच्या भिंतीला हात लावत खाली आला आणि म्हणाला, "आई, हे नाही जमायचं मला. मी दुसरं काहीतरी बघतो."

"काय बघतोस?" प्रमिलाबाई पटकन बोलून गेली.

तिने गॅस बंद केला. तो पुन्हा वर गेला. खाली काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून वर गेला. जानेवारी तसाच गेला, फेब्रुवारीही. कधी दोन तुकडे जुळायचे, कधी आठवडाभर काहीच नाही. खिडकी कुठे आहे एवढंच आता दिसायचं.

मार्चमध्ये सुयशकडून एक फाइल आली. सोबत शब्द एकच होता, 'उघड.' धम्मपालला वाटलं गाणं असेल. पण ती त्या नव्या सॉफ्टवेअरची फाइल होती. सुयशने प्रमिलाबाईला विचारून तेच सॉफ्टवेअर घेऊन, शिकून, त्यात अख्खं गाणं मांडलं होतं. धम्मपाल बाण खाली नेत गेला आणि बाई वाचत गेली. ट्रॅक एक. ट्रॅक दोन. ट्रॅक तीन. अशी एकोणीसपर्यंत.

त्याने फोन लावला. चार महिन्यांनी.

"सुयश, नावं कोण देणार? तुझा सासरा?"

"कशाची नावं?"

"एकोणीस ट्रॅक आहेत आणि एकालाही नाव नाही. कुठे काय आहे ते मला कसं कळणार?"

"अरे, पण मी बठ्ठास्ले रंग देयेल शेत ना. ठोक्याला निळा, बासला हिरवा..." सुयश बोलता बोलता थांबला.

"रंग," धम्मपाल म्हणाला.

"हां."

"छान दिसत असतील."

सुयशच्या तोंडून काहीतरी फुटलं, हसू का रडू ते फोनवर कळलं नाही. धम्मपालला मात्र हसू आलं, आणि आल्यावर ते थांबेना. खालून आईने हाक मारली, काय झालं रे?

"थांब," सुयश म्हणाला. "मी इथे उघडतो. तू वाजव आणि सांग, मी लिहितो."

धम्मपालने एकेक ट्रॅक वाजवला आणि नाव सांगितलं. ठोका मोठा. ठोका बारीक. लिलाव. बास. अर्धा तास गेला. बाराव्याला एक घरघर वाजली, ती दोघांपैकी कोणालाच ओळखता येईना.

"हा कशाचा आवाज?"

"माहीत नही भो. शाळेत रेकॉर्ड करत होतो तेव्हाचा पंखा असेल. काढून टाकू?"

धम्मपालने तो पुन्हा वाजवला आणि कान देऊन ऐकला.

"नको, राहू दे. पंखा लिही."