एकाच मेंढीचं रगत

डॉक्टरीणबाई दर मंगळवारी बजावायच्या, "मायाक्का, रक्त एकाच मेंढीचं हवं हं. कबरीचंच." सोलापुरात दवाखान्यामागं त्यांची खोली, तितं पांढरे उंदीर. मेंढीचं रगत उंदराला टोचायचं आन् त्या परक्या रगताशी उंदराच्या अंगातल्या कुठल्या पेशी किती झुंजत्यात, ते मोजायचं. बी पेशी म्हणं. मी इचारलं, "बी म्हंजी बियाणं का?" बाई लई हसल्या. "तसंच समज. आजार एकदा बघितला की पुढच्या खेपेसाठी पेरून ठेवतात."

बाईंचं नाव वच्छला, गाव वैराग. लगीन न्हाय, पोर न्हाय, उंदरांचाच परपंच. पर मी मेंढी घिऊन दिसले की आधी मला च्या, मग मेंढीला सुई.

बाहत्तरचा दुष्काळ. आमी सांगोल्याहून मेंढरं घिऊन हितल्या माळावर आल्तो. चारा न्हाय. कबरीच्या बरगड्या दिसाय लागल्या. तिचंच रगत सारखं काढायचं व्हय? मला काय पटंना. तिची जुळी भैन तशीच ठिपक्यांची व्हती. मग मी कधी हिला न्ह्यायची, कधी तिला. म्हणलं, बाईंना काय कळतंय!

असं तीन म्हैने चाललं. मग एका मंगळवारी गेले, तर बाई टेबलावर डोकं टेकून बसलेल्या. दवाखान्याच्या मोठ्या सायबानं सांगितलं व्हतं, तुमच्या आकड्यांचा मेळ न्हाय, काम बंद करा, उंदीर मारून टाका.

"माझाच हात कच्चा गं," बाई म्हणाल्या. "चार वर्षं फुकट."

"बाई, हात कच्चा न्हाय. मीच खोटी हाय." सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हाकलत्यात.

बाईंनी वही उघडली. "कुठल्या मंगळवारी कुठली?"

ते मला इचारायचं? ह्या मंगळवारी कबरी लंगडत व्हती, म्हणून भैन. त्या मंगळवारी भैनीला जुलाब, म्हणून कबरी. बाई लाल-निळ्या खुणा करत गेल्या. मोठे आकडे समदे कबरीचे, बारके समदे भैनीचे. एक बी इकडंतिकडं न्हाय.

"रागावला का?" मी भीत भीत इचारलं.

"रागावलेय तर! गाढव कुठली!" म्हणाल्या, आन् डोळ्यांतनं घळाघळा पाणी. "अगं, दोन जुळ्या बहिणी ओळखल्या की माझ्या हातानं!"

वही घिऊन अनवाणीच सायबाकडं पळाल्या. मी चपला हातात घिऊन मागनं गेले, तवर आतनं सायबाचा आवाज आला, "बरं बाई, राहू द्या उंदीर."

मी तितंच दारात बसून रडले.