नववा थेंब

उस्ताद म्हणजे खानावळीचा मुख्य आचारी. तीस वर्षं त्याने चाखल्याशिवाय एक भांडं चुलीवरून उतरलं नव्हतं. गेल्या दोन महिन्यांत मात्र चाखता चाखता दोनदा त्याचा घसा आवळला, आणि दोन्ही वेळा त्याच्याच हाताखाली काम करणाऱ्या लेकीने त्याला दवाखान्यात पोचवलं.

आज तपासणी होती. सिस्टरने त्याच्या हातावर आकडे लिहून नऊ थेंब ठेवले, मासे, कोळंबी, अंडं, तीळ असे, आणि प्रत्येक थेंबातून कातडीला बारीकसं टोचलं. पंधरा मिनिटांत जिथे गांधी उठेल, त्या पदार्थावर संशय. कोळंबीवर उठली की स्वयंपाकघर सुटलं, एवढं उस्तादला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर गडी सकाळीच खाज मारायची गोळी गिळून आला होता. गोळ्या बंद ठेवा असं आठवडाभर आधी बजावलं होतं, पण ऐकेल तो उस्ताद कसला!

पंधरा मिनिटं झाली. हात कोरा करकरीत. लेकीचा जीव भांड्यात पडला.

सिस्टर मात्र नवव्या आकड्याकडे बघत राहिली. तो थेंब खाण्याचा नव्हताच, तो कुणाच्याही हातावर उठतो, असं तिने सांगितलं. इथे तोच उठला नाही, म्हणजे बाकीच्या आठांवरही भरवसा नाही. गोळी घेतली होती का, तिने विचारलं. उस्तादने चेहऱ्यावरची माशीही हलू न देता नाही म्हटलं.

लेक उसळली. बाबा खोटं बोलत नाहीत, औषधच शिळं असेल, असं म्हणत तिने बाही वर सारली. "माझ्या हातावर टोचून बघा."

सिस्टरने डॉक्टरांना विचारून तोच नववा थेंब ठेवून टोचलं. घड्याळाकडे बघायची उस्तादला हिंमत होईना, आणि लेकीच्या हातावरून नजर हटेना. आधी लाली आली. मग मधोमध फुगलं, चांगलं मसुराएवढं.

लेकीने ते पाहिलं. तिने खाजवलं नाही, आवाजही चढवला नाही. "बाबा, दोन्ही वेळा मी शेजारी होते. तिसऱ्यांदा नसले तर?"

उस्तादची मान खाली गेली. स्वतःची त्याला लाज वाटली, आणि पहिल्यांदाच भीतीही.

"सहा वाजता घेतली," तो सिस्टरला म्हणाला. "पुन्हा कधी येऊ?"